२, ८, १८ पाठ आहे तरी पोटॅशिअम चुकतंय? मग हे वाचा

भाची नववीत आहे, परवा तिने पोटॅशिअमचं इलेक्ट्रॉन संरूपण (अणूच्या कोणत्या कवचात किती इलेक्ट्रॉन ते) २, ८, ९ लिहिलं, अर्थातच चूक मिळाली आणि मग माझ्याशी भांडायला आली की मामा तिसऱ्या कवचात १८ मावतात नं, मग ९ का नाही चालत? प्रश्न रास्त आहे तिचा. मावतात किती आणि भरतात कसे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, बहुतेक पोरं इथेच आपटतात.

आधी मावतात किती ते बघू. सूत्र सोपंय, कवचाच्या नंबरचा वर्ग करा आणि दुप्पट करा. पहिलं के कवच २, मग एल ८, एम १८, एन ३२. (पुस्तकात सूत्रात जो एन असतो तो कवचाचा नंबर, चौथं एन कवच नव्हे, हा घोळ पण लय जण करतात.)

आता दुप्पटच का? कवचाच्या आत उपकवचं असतात, एस, पी, डी, एफ, त्यांच्यात कक्षक (इलेक्ट्रॉन बसायच्या जागा) अनुक्रमे १, ३, ५, ७. एका कक्षकात दोनच इलेक्ट्रॉन, ते पण उलट्या स्पिनचे (स्पिन हा इलेक्ट्रॉनचा एक गुणधर्म), पाउली या भौतिकशास्त्रज्ञाने १९२५ मध्ये सांगितलेला नियम. तिसऱ्या कवचात एस, पी, डी तिन्ही आहेत म्हणजे १+३+५ = ९ कक्षक, दुणे १८. विषम संख्या ओळीने मिळवत गेलं की वर्गच येतो, म्हणून सूत्रात वर्ग आहे. हे एकदा डोक्यात बसलं की पाठांतराची कटकट संपली.

आता भरायचे कसे. अणुअंक घ्या (अणूत तेवढेच इलेक्ट्रॉन असतात), आतून भरत या, आणि सगळ्यात बाहेरच्या कवचात ८ च्या वर जाऊ नका (बाहेरचं के असेल तर २ च). सोडिअम ११, म्हणजे २, ८, १. क्लोरीन १७, २, ८, ७. पोटॅशिअम १९, तिसऱ्यात ८ झाले की थांबायचं आणि उरलेला एक चौथ्यात टाकायचा, २, ८, ८, १. कॅल्शिअम २, ८, ८, २. शाळेपुरतं एवढं बास.

पण ८ वरच का थांबायचं, तर ३डी (तिसऱ्या कवचाचं डी) पेक्षा ४एस (चौथ्याचं एस) आधी भरतं. ओळखायची ट्रिक अशी की कवचाच्या नंबरात एससाठी ०, पीसाठी १, डीसाठी २, एफसाठी ३ मिळवायचे, ज्याची बेरीज कमी ते आधी. ४एस ची ४, ३डी ची ५, झालं. बेरीज सारखीच आली, जसं ३पी आणि ४एस, तर लहान नंबरवालं आधी.

कॅल्शिअमनंतर मात्र तिसऱ्या कवचाची उरलेली जागा भरायला लागते, स्कँडिअम २, ८, ९, २ (भाचीचा ९ इथे आला बघा!), लोखंड २, ८, १४, २. लिहून झालं की सगळ्यांची बेरीज करून अणुअंकाशी ताडून बघायची, अर्ध्या चुका तिथेच सापडतात.

आणि तांबं जरा आगाऊ आहे, ट्रिकप्रमाणे २, ८, १७, २ यायला हवं पण डी पूर्ण भरलेलं जास्त स्थिर असतं म्हणून ४एस मधला एक आत जातो आणि होतं २, ८, १८, १. तिसरं कवच पहिल्यांदा फुल्ल होतं ते इथे, थेट २९ व्या मूलद्रव्यात.