फ्रँचायझी घेताय? ‘ट्रेनिंग फ्री’ म्हणजे किती, ते आधी मांडा

कंपनीचा माणूस चकचकीत पत्रक पुढे सरकवतो आणि म्हणतो, "ट्रेनिंग आमच्याकडून फ्री." फ्री असतो तो शिकवणारा. शिकणाऱ्यांचा पगार, खोली, जेवण, एसटीचं तिकीट सगळं तुमच्या खिशातून. मी खाण्याची तीन आउटलेट उघडली, म्हणून त्याच धंद्याचं बोलतो.

सही करण्याआधी ट्रेनिंगचं कलम वाचा: किती माणसं, किती दिवस, कुठे. ट्रेनर तुमच्याकडे येणार असेल आणि त्याच्या हॉटेल-प्रवासापुढे ‘प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे’ लिहिलं असेल, तर कमाल रक्कम घालून घ्या. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही; भांडण झालं की १८७२चा करार कायदा आणि तुमच्या सहीचा कागद.

फी असेल तर वर १८ टक्के जीएसटी. "तो नंतर वळता होतो" हे खाण्याच्या दुकानाला लागू नाही. बिलावर ५ टक्के लावणाऱ्याला इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळत नाही. १ लाखाची फी १,१८,००० रुपयेच धरा.

आता माणसांचा हिशेब. माझे आकडे असे: चार पोरं, १५ दिवस, महिना १५,००० पगार. पगाराचे ३०,०००. माणशी रोज राहायचे ६०० आणि जेवणाचे ३००, म्हणजे ५४,०००. झाले ८४,०००. इथवर कुणीही पोचतो.

मी आपटलो तो पुढच्या टप्प्यावर, तारखेच्या. पहिल्या वेळी उत्साहात पोरं आधीच पाठवली. ती शिकून परतली तेव्हा दुकानात फरशी बसत होती आणि वीज मीटरचा पत्ता नव्हता. पूर्ण महिना गेला. विक्री शून्य, पगार रोजचा २,०००, म्हणजे ६०,००० नुसते बसून, भाडं वेगळंच. त्यात दोघं शेजारच्या हॉटेलात लागले आणि उरलेले दोघं शिकलेलं विसरले. दोन नवी पोरं पुन्हा पाठवावी लागली आणि दुसऱ्या खेपेला ‘फ्री’ नव्हतं, कारण करारात एकच बॅच होती.

म्हणून उद्घाटनाची तारीख ठरवून ट्रेनिंग लावू नका. मीटर बसला, गॅस आला, परवान्याचा कागद हातात पडला, की मगच तारीख मागा. कंपनी घाई करेल, तिला बॅच भरायची असते. ऐकू नका. तरीही ३० दिवसांचा रिकामा पगार बजेटमध्ये वेगळा ठेवाच आणि बदली माणसांच्या ट्रेनिंगचा दर करारातच लिहून घ्या.

पोरं पळू नयेत म्हणून मूळ कागदपत्रं ठेवून घ्या, असं सांगणारे भेटतील. जाणारा कागद टाकूनही जातो, आणि गावात तुमचं नाव खराब होतं. मी तीन महिने टिकणाऱ्याला ५,००० जास्त देतो. ते स्वस्त पडतं.

सरावात वाया जाणारा माल, वैद्यकीय तपासणी आणि एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचं फॉस्टॅक (अन्नसुरक्षेचं) प्रशिक्षण यांच्या ओळी विसरू नका.

आणि चार माणसं लागत असतील तर पाच जणांचा खर्च धरा. पाचवे तुम्ही स्वतः. दुसऱ्या आउटलेटचा आचारी गणपतीला गावी गेला तो परतलाच नाही. नऊ दिवस कढईपुढे मीच होतो.