अमेरिकेतली पॅलिएटिव्ह मेडिसिन फेलोशिप: अर्ज कधी, कुठे आणि त्या वर्षात काय पक्कं करायचं

भारतातली एमडी हातात असली तरी अमेरिकेतल्या या फेलोशिपसाठी, म्हणजे गंभीर आजारात वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या शाखेतल्या पुढच्या प्रशिक्षणासाठी, साधारणपणे तिथली रेसिडेन्सी (एमडीसारखं रुग्णालयातलं प्रशिक्षण) आधी लागते. या शाखेला २००६ साली मान्यता मिळाली आणि इंटर्नल मेडिसिनपासून सर्जरीपर्यंत दहा बोर्डांच्या (विशेषज्ञांना प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळांच्या) डॉक्टरांना ती खुली आहे. २०१२ पर्यंत नुसत्या अनुभवावर या शाखेच्या प्रमाणपत्राच्या परीक्षेला बसता येत असे. आता एक वर्षाची मान्यताप्राप्त फेलोशिप सक्तीची आहे. परीक्षा फक्त सम सालात होते. विषम सालच्या जूनमध्ये फेलोशिप संपली की वर्षभराहून जास्त थांबावं लागतं, हे नोकरीचा करार करताना लक्षात ठेवा.

तीन वर्षांच्या रेसिडेन्सीत दुसऱ्या वर्षीच पॅलिएटिव्ह विभागात दोन-चार आठवड्यांचं इलेक्टिव्ह (स्वतः निवडलेलं काम) घ्या. एक शिफारसपत्र याच शाखेतल्या डॉक्टरांचं हवं आणि ते इथूनच मिळतं. तिसऱ्या वर्षाच्या जुलैत अर्ज, मग मुलाखती, डिसेंबरच्या सुरुवातीला मॅच (दोन्ही बाजूंच्या पसंतीक्रमावरून जागावाटप). जे-१ (प्रशिक्षणासाठीच्या) व्हिसावर फेलोशिप करता येते, पण दोन वर्षं मायदेशी परतायची अट कायम राहते. त्या अटीतून सूट देणाऱ्या नोकऱ्यांत बरीच राज्यं प्राथमिक सेवेच्या डॉक्टरांना आधी घेतात. त्यामुळे वकिलाशी अर्जाआधीच बोला.

मुलाखतीत हॉस्पिसचे (आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यातल्या सेवेचे) आठवडे किती आणि घरभेटी किती, हे नक्की विचारा. मोठ्या रुग्णालयाच्या नावाला भुलू नका. वॉर्डातली कन्सल्ट (इतर विभागांच्या रुग्णांसाठी सल्ला) सगळीकडे शिकायला मिळते. रुग्णाच्या स्वयंपाकघरात बसून औषधांचा डबा तपासणं सगळीकडे मिळत नाही.

पहिल्या महिन्यात ओपिऑइडचं (मॉर्फिनसारख्या वेदनाशामकांचं) गणित पक्कं करा. समजा, रुग्णाला २४ तासांत शिरेतून ३० मिग्रॅ मॉर्फिन लागलं, दुखणं आटोक्यात आहे आणि आता घरी जायचंय. शिरेतलं आणि तोंडावाटेचं प्रमाण १:३ धरलं तर दिवसाला ९० मिग्रॅ. म्हणजे दर १२ तासांनी लाँग-ॲक्टिंग ४५ मिग्रॅ, ३० आणि १५ च्या गोळ्या मिळून. या गोळ्या कुटायच्या नाहीत. मधेच कळ आली तर लवकर काम करणारं मॉर्फिन, दिवसाच्या डोसच्या १० ते १५ टक्के, म्हणजे साधारण १० मिग्रॅ.

घोटाळा होतो तो इथे. हॉस्पिसमध्ये बहुधा २० मिग्रॅ प्रति मिली असं तीव्र द्रावण असतं. १० मिग्रॅ म्हणजे फक्त अर्धा मिली. घरच्यांनी 'दहा' ऐकून १० मिली भरलं तर २०० मिग्रॅ पोटात जातात. म्हणून चिठ्ठीवर मिग्रॅ आणि मिली दोन्ही लिहा, सिरिंजवर ०.५ च्या रेघेला मार्करने खूण करा आणि काळजी घेणाऱ्याकडून एकदा समोर भरून घ्या. बद्धकोष्ठतेसाठी सेन्ना पहिल्या दिवसापासून. किडनी निकामी असेल तर मॉर्फिनचे घटक साठतात, हातपाय झटके देऊ लागतात. तिथे दुसरं औषध निवडा. औषध बदलताना समतुल्य डोस २५ ते ५० टक्क्यांनी कमी करा, कारण एका औषधाची सवय दुसऱ्याला पूर्ण लागू पडत नाही.

कुटुंबाशी बैठकीआधी पाच मिनिटं नर्स, सोशल वर्कर आणि चॅप्लिन (रुग्णालयातले धर्मगुरू) यांच्याशी बोलून कोण काय सांगणार ते ठरवा. सुरुवात प्रश्नाने करा: आत्तापर्यंत तुम्हाला काय सांगितलंय? वाईट बातमी दिल्यावर गप्प बसा. नवखे फेलो नेमके इथेच केमोथेरपीची माहिती द्यायला लागतात. घरातली भाषा वेगळी असेल तर दुभाषा बोलवा, नातवाला मधे घालू नका. मराठी कुटुंबात 'आईला काही सांगू नका' हे ऐकू येईलच. तेव्हा आईलाच विचारा: तुम्हाला स्वतःला किती जाणून घ्यायचंय, की सगळं मुलाशी बोलू?

मेडिकेअरच्या (मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याच्या) हॉस्पिससाठी अपेक्षित आयुष्य सहा महिने किंवा कमी, असं सुरुवातीला साधारणपणे दोन डॉक्टरांना लिहून द्यावं लागतं. पहिले दोन टप्पे ९० दिवसांचे, पुढचे ६०-६० चे; तिसऱ्या टप्प्यापासून दर वेळी आधी प्रत्यक्ष भेट सक्तीची. कागदावर नुसतं 'प्रकृती खालावतेय' लिहिलं तर पैसे अडकतात आणि रुग्णाची सेवा तुटू शकते. त्यामुळे आकडे लिहा: वजन किती उतरलं, दंडाचा घेर किती, पॅलिएटिव्ह परफॉर्मन्स स्केल (रुग्ण किती हिंडू-फिरू शकतो याचं मोजमाप) ६० वरून ४० वर कधी आला.