मोटरहोमच्या टपाला उष्णता-परावर्तक कोटिंग: तयारीपासून दुसऱ्या हातापर्यंत

एप्रिल-मे महिन्यांत भर दुपारी उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीच्या टपावर दर चौरस मीटरला सुमारे १००० वॅट एवढी सौर ऊर्जा पडते. सहा मीटर लांब आणि दोन मीटर रुंद टप धरला, तर हा आकडा १२ किलोवॅटवर जातो. ही सगळी उष्णता आत येत नाही, कारण वारा आणि प्रारण तिचा बराच भाग वरच्या वर परत नेतात. तरीही गडद किंवा उन्हाने विटलेल्या टपाचा पत्रा हात ठेववणार नाही इतका तापतो आणि त्याखालचे फोम, प्लाय व अस्तर संध्याकाळपर्यंत तापलेलेच राहतात. दीड टनाचा एसी जेमतेम सव्वापाच किलोवॅट उष्णता बाहेर टाकू शकतो, आणि तीही बाहेर फार उकाडा नसताना. त्यामुळे टपावरच ऊन परतवून लावणे हा गाडी थंड ठेवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग ठरतो.

परावर्तक कोटिंग दोन कामे करते. पहिले, सूर्यप्रकाशाचा मोठा भाग परत फेकते. चांगल्या पांढऱ्या कोटिंगची परावर्तकता नवेपणी ८० टक्क्यांच्या आसपास असते. दुसरे, जी थोडी उष्णता शोषली गेली तीही प्रारणाने सहज सोडून देते. या दोन्ही गुणांचा एकत्र निर्देशांक डब्यावर 'एसआरआय' या नावाने छापलेला असतो. या मोजपट्टीवर प्रमाणित काळा पृष्ठभाग ० वर आणि प्रमाणित पांढरा पृष्ठभाग १०० वर धरतात, त्यामुळे १०० च्या आगेमागे असलेला माल घ्यावा. चंदेरी अ‍ॅल्युमिनियम रंग चकाकतो म्हणून अनेकांना तो अधिक गुणकारी वाटतो, पण तो शोषलेली उष्णता सहज सोडत नाही आणि उन्हात पांढऱ्यापेक्षा अधिक तापतो. हा फरक दुकानदार सहसा सांगत नाहीत. त्याचप्रमाणे 'सिरॅमिक कणांमुळे इन्सुलेशन' असा दावा डब्यावर असेल, तर त्याला फारसे महत्त्व देऊ नये. अर्ध्या मिलिमीटरच्या थराने उष्णतेचे वहन थांबत नाही. जे काही साधते ते परावर्तनातून साधते, आणि छताखाली फोम नसेल तर त्याची जागा हा थर घेऊ शकत नाही.

माल निवडताना तो कशासाठी बनवला आहे हे आधी पाहावे. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी बहुतेक परावर्तक कोटिंग्ज इमारतीच्या गच्चीसाठी असतात. त्यांतील पावडर आणि द्रव एकत्र कालवून लावायची सिमेंटयुक्त कोटिंग्ज गाडीला चालत नाहीत. खड्ड्यांतून जाताना टप पिळवटतो, थरथरतो, आणि असा ठिसूळ थर जोडांवर लगेच तडकतो. गाडीसाठी रबरासारखे ताणले जाणारे, म्हणजे 'इलास्टोमेरिक' प्रकारचे कोटिंगच हवे. त्यात पाण्यात मिसळणारे अ‍ॅक्रिलिक हाताळायला सर्वांत सोपे असते, त्याला वास कमी असतो आणि अवजारे साध्या पाण्याने धुता येतात. मात्र टपावर पावसाचे पाणी दिवसेंदिवस साचून राहत असेल तर अ‍ॅक्रिलिक मऊ पडते आणि फुगते. तेथे सिलिकॉन कोटिंग अधिक टिकते, पण एकदा सिलिकॉन लावले की पुढे त्यावर सिलिकॉनखेरीज दुसरे काहीही चिकटत नाही. माझे मत असे की टपाला थोडा जरी उतार असेल तर अ‍ॅक्रिलिकच घ्यावे, म्हणजे पुढच्या वेळी निवड करायला वाव राहतो.

किती माल लागेल याचा हिशेब सोपा आहे. एक लिटर कोटिंग एक चौरस मीटरवर पसरले की ओला थर एक मिलिमीटर होतो, आणि त्यातले पाणी उडून गेल्यावर साधारण अर्धा मिलिमीटर शिल्लक राहतो. इलास्टोमेरिक कोटिंगला एवढी जाडी हवीच. म्हणून १२ चौरस मीटरच्या टपाला दोन हातांत मिळून १० ते १२ लिटर माल धरावा. चार लिटरच्या डब्यात अख्खा टप पांढरा करून देणारा कारागीर पैसे वाचवत नसतो. तो थर वाचवत असतो. वाळलेल्या थराचे वजन दहा किलोच्या आसपास भरते, त्यामुळे गाडीच्या भारक्षमतेची चिंता करण्याचे कारण नाही.

महाराष्ट्रात या कामाला परतीचा पाऊस संपल्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ उत्तम. मे महिन्यात घाम निघू लागल्यावर हे काम आठवते, परंतु तेव्हा पत्रा इतका तापलेला असतो की कोटिंगचा वरचा पापुद्रा तत्काळ वाळतो, आतले पाणी अडकते आणि फुगे धरतात. पत्र्याचे तापमान १० ते ३५ अंशांच्या दरम्यान असावे. हिवाळ्यातली अडचण वेगळी असते: पहाटे पडलेले दव टपावर दिसत नाही, पण तळहात फिरवला की ओल लागते. दव पूर्ण सुकल्यावर काम सुरू करावे आणि सूर्यास्ताच्या किमान तीन-चार तास आधी संपवावे, म्हणजे रात्रीचे दव पडण्यापूर्वी थर आवळलेला असेल. शेड मिळाली तर फारच छान. झाडाची सावली मात्र टाळावी, कारण पाने आणि पाखरांची शिट ओल्या थरात कायमची बसते.

वर चढण्याआधी टप माणसाचे वजन पेलतो का, हे गाडी बांधून देणाऱ्याला विचारून घ्यावे. शंका असल्यास शिडीवरून किंवा बाजूला परांची बांधून काम करावे. चढावेच लागले तर आतल्या आडव्या सांगाड्यावर येईल अशा बेताने प्लायचा तुकडा टाकून त्यावर गुडघे टेकावेत. डोक्यावरून विजेच्या तारा जात असतील तेथे गाडी उभीच करू नये. सोलर पॅनल उन्हात असताना सतत वीज निर्माण करतात, म्हणून त्यांचा स्विच बंद करून वर जाड चादर टाकावी. ओले पांढरे कोटिंग साबणाइतके निसरडे असते आणि त्याची चमक डोळ्यांना त्रास देते. रबरी तळाचे बूट आणि काळा चष्मा या दोन्ही गोष्टी चैनीच्या नाहीत.

आता खरे काम. कोटिंग हा गळतीवरचा इलाज नाही, हे प्रथम ध्यानात ठेवावे. गळती नेहमी जोडांतून होते: हवा खेळती ठेवणाऱ्या व्हेंटची चौकट, एसीचा तळ, पॅनलचे पाय, केबल आत शिरते ती जागा, आणि टप भिंतीला मिळतो ती कडा. प्रत्येक चौकटीभोवतीच्या सीलंटवर अंगठ्याचे नख दाबून पाहावे. नख उमटून खूण भरून आली तर सीलंट जिवंत आहे. नख घसरले, कडेला केसाएवढी फट दिसली किंवा कोपऱ्यावर सीलंट चौकटीपासून सुटून उभे राहिले असेल, तर ते प्लॅस्टिकच्या पट्टीने मुळापासून काढावे. धातूची पट्टी वापरल्यास प्रायमर खरवडला जातो आणि तेथूनच गंज सुरू होतो. स्क्रूची डोकी एकेक करून तपासावीत. फिरणारा स्क्रू थोडा मोठा घेऊन सीलंटमध्ये बुडवून बसवावा.

पूर्वी कोणी सिलिकॉन वापरले असेल तर सगळे अवघड होते. ते दिसायला स्वच्छ असते, हाताला किंचित तेलकट लागते आणि त्यावर टाकलेला पाण्याचा थेंब गोल होऊन घरंगळतो. वरवर पुसून ते जात नाही. सगळे कापून काढल्यावरही त्याचा अदृश्य थर उरतो, म्हणून ती जागा पॉलिश पेपरने घासूनच सोडावी. नव्या जोडांसाठी पीयू (पॉलियुरेथेन) किंवा एमएस पॉलिमर सीलंट वापरावे आणि ते आतपर्यंत पक्के व्हायला दोन दिवस तरी द्यावेत. मग टपावर पाइपने पंधरा-वीस मिनिटे पाणी सोडून आत एका माणसाला टॉर्च घेऊन बसवावे. पाण्याची सुरुवात खालच्या कडेपासून करून हळूहळू वर सरकावे, म्हणजे गळते कोठून ते नेमके समजते. ही परीक्षा पार पडल्याशिवाय कोटिंगचा डबा उघडू नये.

त्यानंतर धुणे. भांड्यांच्या साबणाचे पाणी आणि कडक ब्रश घेऊन टप दोनदा घासावा, शेवाळ असेल तेथे सौम्य ब्लीच लावून खळखळून धुवावे. वाळल्यावर काळे फडके फिरवून पाहावे. त्यावर पांढरी भुकटी लागत असेल तर जुना रंग अजून सुटतो आहे, आणि त्या भुकटीवर बसलेले कोटिंग भुकटीबरोबरच निघून येईल.

पुढची तयारी टपाच्या साहित्यावर अवलंबून असते. ट्रॅव्हलरसारख्या गाडीवर बांधलेल्या मोटरहोमला कंपनीचाच पोलादी टप असेल, तर गंजाचे ठिपके तारेच्या ब्रशने आणि ८० नंबरच्या पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासावेत आणि त्याच दिवशी इपॉक्सी किंवा झिंक फॉस्फेट प्रायमर मारावा. कोकणात खाऱ्या हवेने उघडा पत्रा रातोरात तांबूस होतो, तेथे हे काम तासांच्या हिशेबाने करावे. उरलेला चांगला रंग १८० नंबरने फक्त चमक मारण्यापुरता घासला तरी पुरतो. फायबरचा टप तसाच घासून अ‍ॅसिटोनने पुसावा. उघड्या अ‍ॅल्युमिनियमला 'एच' (etch), म्हणजे धातूचा पृष्ठभाग किंचित खाऊन पकड धरणारा प्रायमर लागतो. परदेशातून आलेल्या काही गाड्यांचा टप ईपीडीएम रबराचा असतो. त्यावर थिनर किंवा पेट्रोल अजिबात लावू नये, कारण रबर फुगून खालच्या प्लायपासून सुटते, आणि त्याला कोटिंग बनवणाऱ्याने सुचवलेला खास प्रायमरच चालतो.

जुन्या टपावर काय काय लावले गेले आहे हे माहीत नसेल तर चाचणी घ्यावी. कोपऱ्यात वीतभर जागेवर कोटिंग लावून त्यात जुन्या सुती कापडाची पट्टी बुडवावी, एक टोक मोकळे ठेवावे आणि आठवडाभराने ते ओढून पाहावे. कापड फाटले किंवा थर मधूनच चिरला तर पकड चांगली आहे. सगळा थर सालीसारखा अलगद निघाला तर प्रायमर बदलावा.

मास्किंग टेपने व्हेंटची झाकणे, त्यांची रबरी बीडिंग, एसीच्या जाळ्या, अँटेना आणि पॅनलच्या काचा झाकाव्यात. पन्हळीतली छिद्रे बुजली तर पावसाळ्यात पाणी दारावरून वाहते, म्हणून तेथे कागदाची गुंडाळी खोचावी. पॅनलच्या मधल्या भागाखाली कोटिंग पोहोचवण्याचा अट्टहास करू नये. हवेचे अंतर ठेवून बसवलेल्या पॅनलची सावली कोणत्याही रंगापेक्षा सरस असते.

डबा हलवून चालत नाही. तळाशी बसलेले रंगद्रव्य काठीने वर काढत पाच मिनिटे ढवळावे. जोडांवर, स्क्रूंवर आणि चौकटींभोवती आधी ब्रशने जाड हात द्यावा आणि तो ओला असतानाच त्यात पॉलिस्टरची जाळी दाबून बसवावी. जाळीची वीण दिसेनाशी होईपर्यंत वरून पुन्हा कोटिंग भरावे. हे सुकले की मधला भाग रोलरने घ्यावा. शिडीपासून लांबच्या टोकाला सुरुवात करून मागे मागे सरकत यावे, म्हणजे ओल्यावर पाय पडणार नाही. कोटिंग टपावर ओतून रोलरने पसरावे, पण एकाच जागी पुन्हा पुन्हा रोलर फिरवू नये, त्याने फेस होऊन बारीक छिद्रे राहतात. पातळ करण्यासाठी पाणी घालण्याचा मोह पहिल्या हातात कंपनीने सांगितले असेल तेवढाच, दुसऱ्या हातात तर मुळीच नको.

पहिला हात लांबीच्या दिशेने दिला असेल तर दुसरा रुंदीच्या दिशेने द्यावा. दोन हातांत साधारण एक दिवस जाऊ द्यावा. बोट दाबले असता ठसा उमटला नाही तरच पुढे जावे. पांढऱ्यावर पांढरे लावताना कोठे राहिले ते कळत नाही, म्हणून पहिल्या हातात चमचाभर राखाडी स्टेनर मिसळण्याची जुनी युक्ती उपयोगी पडते. टेप शेवटचा हात अर्धवट ओला असतानाच काढावा, वाळल्यावर ओढला तर कडा फाटते. नंतर किमान दोन दिवस पावसापासून जपावे आणि महामार्गावरचा प्रवास आठवडाभर टाळलेला बरा.

गाडीचा रंग आरसीवर नोंदलेला असतो. मूळ टप दुसऱ्या रंगाचा असेल तर पांढरा करण्याआधी आरटीओत विचारणा करून ठेवावी.

परावर्तकतेचा शत्रू धूळ आहे. कच्च्या रस्त्यांवरून फिरणाऱ्या गाडीचा टप काही महिन्यांत राखाडी होतो आणि तेवढ्या प्रमाणात ऊन शोषू लागतो. मऊ ब्रशने साबणाच्या पाण्याने धुतल्यावर गेलेला गुण बराचसा परत येतो. प्रेशर वॉशरचा फवारा जोडांवर जवळून मारू नये. पावसाळ्याआधी आणि नंतर एकेकदा जोड तपासावेत, भेग दिसली तर तेवढ्याच जागी ब्रशने दोन हात द्यावेत, आणि डब्यातला उरलेला माल त्यासाठी झाकण घट्ट लावून सावलीत ठेवावा.