थंड जमीन आणि नत्र धरणारी झुडपं: प्रोजेक्ट करताना या चुका टाळा

सोलापुरात बॉटनीच्या पोरांचे प्रोजेक्ट बघतो, आणि उत्तरेकडच्या जंगलांचा विषय घेतला की एक चूक हमखास येते, हवेचं तापमान घ्यायचं आणि त्यावरून मुळांवरच्या, हवेतला नत्र धरणाऱ्या जिवाणूंच्या गाठींचा हिशोब मांडायचा.

एका पोरीनं अलास्कातल्या फेअरबँक्सचं जुलैचं सरासरी तापमान घेतलं, १७ अंशांच्या आसपास, आणि ठोकून दिलं की अल्डरच्या (तिथलं नत्र धरणारं झुडूप) गाठी जोरात चालू असणार. आलेख सुंदर, रात्री जागून केलेला. बाहेरून आलेल्या सरांनी एवढंच विचारलं, "मुळं हवेत असतात का गं?" पोरगी गप्प. फार वाईट वाटलं, कारण मेहनत खरी होती.

अहो, तिथं उत्तर उतारावर काळ्या स्प्रूसच्या सूचीपर्णी झाडांखाली शेवाळाचा (मॉसचा) जाड थर, त्यातनं ऊन खाली पोचत नाही, आणि त्याच्याही खाली बारमाही गोठलेली जमीन. वर माणूस नुसत्या शर्टावर फिरत असला तरी वीतभर खाली माती गारठलेलीच. मग नत्र धरणारं एन्झाइम मंदावतं, मुळं रेंगाळतात, फॉस्फरसही नीट मिळत नाही, आणि नत्राच्या एका रेणूमागं पेशीतल्या ऊर्जेचे, म्हणजे एटीपीचे, १६ रेणू तरी लागतात, ते कुठनं आणायचे? दक्षिण उतारावर मात्र बहुतेक ठिकाणी जमीन गोठलेली नसते. म्हणून "अलास्कातला अल्डर" असं सरसकट लिहूच नका, उतार कुठला, खोली किती, महिना कोणता ते आधी.

मी डेटा हातात द्यायच्या आधी पोरांना भर दुपारी काळ्या रानात नेतो, एक थर्मामीटर बोटभर खोल, दुसरा वीतभर खोल. दोन्ही आकडे स्वतः वहीत लिहिले की खोली लिहायला कुणी विसरत नाही. मोबाईलवर हवामान बघून हे कळत नाही.

अल्डरच्या गाठीत रायझोबियम लिहू नका, त्या गटातले जिवाणू हरभऱ्यात. इथं फ्रँकिया हा वेगळाच जिवाणू, जो वेगळा काढून वाढवायला १९७८ साल उजाडलं. हरभऱ्याची चालू गाठ नखानं फोडली की आत गुलाबी दिसते, अल्डरची लाकडी, पोवळ्यागत फांद्या फुटलेली आणि वर्षानुवर्षं वाढणारी.

पानं हिरवीगार म्हणजे गाठी जोरात, असंही नाही.

आणि लॅबमध्ये २५ अंशाला गाठींची बाटली ठेवून आलेला नत्र धरण्याचा आकडा जंगलाचा म्हणून देऊ नका, माती ज्या तापमानाला तिथंच बाटली ठेवायची. एवढा धीर नसेल तर सरळ हरभरा घ्या, रान जवळच आहे.