शातो दिफला जाताना आधी वारा बघा, मग तिकीट काढा

फ्रान्समधल्या मार्सेयच्या किनाऱ्यावरून शातो दिफ हा बेटावरचा किल्ला नुसत्या डोळ्यांनी दिसतो. जुन्या बंदरातून बोटीला वीसेक मिनिटं लागतात. तरी पुष्कळ पर्यटक बेटावर पाऊल न ठेवताच परततात, ते मिस्त्रालमुळे. हा वायव्येचा कोरडा वारा ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून सुसाट खाली येतो. ऊन लख्ख असतं, आकाशात ढग नसतो, पण बेटाच्या लहानशा धक्क्याला बोट लावणं धोक्याचं होतं. मग बोट थेट पुढच्या फ्रिऊल बेटांकडे जाते आणि किल्ला राहून जातो. म्हणून मार्सेयमध्ये तीन रात्री ठेवा आणि पहिल्याच शांत सकाळी किल्ला उरका. शेवटच्या दिवसावर ढकललात तर गेलाच म्हणून समजा.

सोलापूरकरांना फ्रान्ससाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी पुणे नाहीतर मुंबई गाठावी लागते, बोटांचे ठसे तिथेच देतात. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. मे महिन्यात जायचं असेल तर जानेवारीतच अपॉइंटमेंट घ्या, सुट्टीच्या तोंडावर तारखा मिळत नाहीत. पासपोर्ट परतीनंतर किमान तीन महिने चालणारा हवा, त्यात दोन पानं कोरी हवीत आणि विम्यात किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय खर्च धरलेला हवा.

कडक भाकरी आणि शेंगाचटणी खुशाल न्या. चटणीला तेल सुटतं, तेव्हा दोन पिशव्यांत बांधून मोठ्या बॅगेत टाका. पेढे, खवा, तूप मात्र घरीच ठेवा. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. ताज्या मिरच्या आणि कढीपत्त्यालाही प्रमाणपत्र लागतं, त्या भानगडीत पडू नका.

मेट्रोच्या पहिल्या लाइनने व्ह्यू पोर (म्हणजे जुनं बंदर) स्टेशनला उतरा, बोटीची तिकिटं धक्क्यावरच मिळतात. पैसे देण्याआधी बोट आज किल्ल्याच्या इफ बेटाला थांबणार का, एवढं विचारून घ्या. किल्ल्याचं प्रवेशतिकीट वेगळं असतं. अठरा वर्षांखालच्यांना ते लागत नाही, पण वयाचा पुरावा जवळ असू द्या. ऑक्टोबर ते मार्च सोमवारी किल्ला बंद असतो. पाणी, टोपी आणि पकड असलेले बूट हवेतच. धक्क्यापासून दरवाजापर्यंत पायऱ्या आहेत, आतले जिनेही अरुंद आहेत. गुडघे दुखणाऱ्यांना हे आधीच सांगून ठेवा.

बोटीतली सगळी माणसं एकदमच उतरतात आणि तळमजल्यावरच्या कोठड्यांत गर्दी करतात. तुम्ही सरळ गच्चीवर जा, मार्सेय शहर आणि टेकडीवरचं नोत्र-दाम द ला गार्द चर्च निवांत बघा, मग खाली या. किल्ला तसा छोटा, एक बाजू जेमतेम 28 मीटर. राजा पहिला फ्रान्सिस याने तो 1524 ते 1531 मध्ये बंदराच्या रक्षणासाठी बांधून घेतला, नाव मात्र झालं ते तुरुंग म्हणून. खालच्या कोठड्या अंधाऱ्या, वरच्या खोल्यांना खिडकी आणि शेकोटी. वरची सोय पैसे मोजणाऱ्या कैद्यांसाठी होती, आणि हा फरक जिना चढता-उतरताना चांगलाच जाणवतो.

एका कोठडीच्या भिंतीला भोक दिसेल. फ्रेंच लेखक द्युमाच्या ‘द काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’ या कादंबरीतला एदमों दांतेस इथला कैदी, आणि त्या कादंबरीच्या वाचकांसाठीच ते पाडलेलं आहे, दांतेस काल्पनिक. पण कादंबरीतल्या त्याच्या सोबती कैद्याचं, फारियाचं नाव गोव्यात जन्मलेल्या आबे फारियांवरून आलंय. पणजीत संमोहन करणाऱ्या माणसाचा पुतळा पाहिला असेल, तेच हे. आणखी एक धागा आपल्याकडचा: गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीजांना दिलेला गेंडा 1516 मध्ये पोपकडे नेला जात होता, तेव्हा फ्रान्सिसने तो याच आखातातल्या एका बेटावर पाहिला.

दीड तास पुरतो. उतरल्याउतरल्या परतीच्या वेळांच्या फलकाचा फोटो काढा. शेवटच्या बोटीवर विसंबू नका. उन्हाळ्यात ती फ्रिऊलवरूनच भरून येते, म्हणून आधीची पकडा आणि वीस मिनिटं आधी रांगेत उभे राहा.