आउटबोर्ड मोटारीचा पंखा बदलताना या चुका टाळा

‘मोटार ओढतच नाही, पिस्टन गेला असणार,’ असं म्हणत मालवणजवळच्या देवबागचा एक होडीवाला गेल्या मोसमात होडीमागे लावायची आपली 9.9 एचपीची मोटार माझ्याकडे घेऊन आला. प्लग काढला तर काजळीने काळाकुट्ट. कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मात्र ठणठणीत होतं. मग पंख्यावरची (प्रोपेलरवरची) घाण खरवडून आकडा वाचला: 9¼ × 12. सात-आठ पर्यटक घेऊन कर्ली खाडीत फिरणारी होडी, आणि तिला 12 पिचचा पंखा! आधीचा खडपाला, म्हणजे पाण्यातल्या खडकाला, लागून तुटला, तेव्हा दुकानात ‘9.9 चा पंखा द्या’ एवढंच त्याने सांगितलं होतं.

हीच सगळ्यात महाग पडणारी चूक. एचपी सांगून पंखा मागू नका, आकडे सांगा. पहिला आकडा व्यासाचा, दुसरा पिचचा, दोन्ही इंचांत. घसरण झाली नाही तर एका फेऱ्यात पंखा जेवढा पुढे जाईल, ते पिच. आता हिशोब बघा. समजा मोटार मिनिटाला 5000 फेऱ्यांवर आहे आणि गिअर 2.08 चा (इंजिनाच्या 2.08 फेऱ्यांना पंख्याचा एक), म्हणजे पंखा मिनिटाला साधारण 2400 फेरे घेतो. 12 पिचने कागदावर ताशी 44 किलोमीटर होतात. माणसांनी भरलेली ती होडी पळते जेमतेम बारा-पंधराने. राहिलेला सगळा जोर पाणी घुसळण्यात जातो आणि इंजिन दबून चालतं. चौथ्या गिअरमध्ये घाट चढणाऱ्या गाडीसारखी त्याची अवस्था होते. काजळी, तापणं, पेट्रोल पिणं, सगळं तिथूनच सुरू होतं.

म्हणून पंखा ठरवायचा तो फेऱ्यांवरून. मोटारीच्या पुस्तकात पूर्ण थ्रॉटलला किती आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) हवेत ते दिलेलं असतं, त्या मोटारीला 4500 ते 5500. छोट्या मोटारीला मीटर नसतो, पण प्लगच्या वायरीला गुंडाळायचा टॅकोमीटर स्वस्तात मिळतो. तो लावून पाहिलं तर आकडा 4000 च्या पुढे सरकेना. पिच एक इंचाने कमी केलं की साधारण 150 ते 200 आरपीएम वाढतात. 9 पिचचा पंखा बसवल्यावर त्याच होडीने, तेवढ्याच माणसांसह 4500 चा टप्पा गाठला. पिस्टनला हात लावावाच लागला नाही.

उलटही होतं. पिच फार कमी घेतलं तर मोटार किंचाळते, होडी मात्र पुढे सरत नाही आणि आरपीएम मर्यादेबाहेर जातात. दोन्ही टोकं वाईट.

चाचणी रिकाम्या होडीने घेऊ नका. जाळी, बर्फ, माणसं, रोज असतं तेवढं ओझं भरा आणि खाडीत एकदा भरतीच्या पाण्याबरोबर, एकदा विरुद्ध चालवून बघा.

पंखा चांगला असूनही ओढ नसेल तर

हळू चालवताना ठीक, थ्रॉटल वाढवला की नुसता आवाज, असं होत असेल तर पंख्याच्या आतलं, दांड्याचा जोर पात्यांना देणारं रबरी बुश सुटलेलं असू शकतं. मधल्या पितळी नळीपासून बाहेरच्या कडेपर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढा. फेरी मारून आल्यावर रेघ तुटलेली दिसली, तर बुश फिरलं. नवीन पंखा घेण्याआधी एवढं नक्की करा. पंख्याच्या वर, मोटारीच्या पायाला असलेली आडवी पट्टी होडीच्या तळाच्या रेषेत आहे का तेही बघा. मोटार फार वर बसली असेल तर पंखा हवा ओढतो, मग कितीही बदला, फरक पडत नाही.

दुसऱ्या कंपनीचा पंखा दांड्यावर बसला म्हणून तो योग्य होत नाही. पंख्याच्या आतल्या दातांची संख्या दांड्यावरच्या दातांशी जुळायला हवी आणि पंखा व गिअरचं घर यांच्यामधला वॉशरही त्याच मोटारीचा हवा. हा वॉशर जुन्या पंख्याला चिकटून भंगारात गेलेला मी अनेकदा पाहिलाय. तो नसला तर पंखा गिअरच्या घरावर घासतो.

बसवताना

मोटार न्यूट्रलला घ्या, इंजिन बंद करणाऱ्या किल स्विचची दोरी काढा, प्लगची टोपी काढून बाजूला ठेवा. पंखा हाताने फिरवताना इंजिन सुरू होऊन बोटं जाऊ शकतात, त्यात आळस नको.

पंखा निघाला की दांड्याच्या मुळाशी नीट बघा. तिथे तंगूस (मासेमारीची नायलॉनची दोरी) गुंडाळलेली हमखास सापडते. ती ऑइल सील कापते आणि पाणी आत शिरतं. गिअर ऑइल दुधाळ दिसलं तर पंख्याचा खर्च थांबवा, आधी सील बदला. दांड्याला मरीन ग्रीस लावा. नट सुटू नये म्हणून घालायची कॉटर पिन दरवेळी नवीनच हवी. वाकवून सरळ केलेली जुनी पिन तुटते, मग पंखा आणि नट दोन्ही समुद्रात.

जुना पंखा थोडा झिजलेला असला तरी विकू नका. नट, वॉशर, दोन पिना आणि पाना यांच्यासह तो एका पिशवीत बांधून होडीतच ठेवा.