पालक शाळेत येत नाहीत? छोट्या शाळांनी या चुका टाळाव्यात

फेब्रुवारीत नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी किंवा निफाड तालुक्यातल्या एखाद्या वस्तीशाळेने सकाळी अकराला पालकसभा ठेवली, तर येणार कोण? द्राक्षांची खुडणी सकाळच्या गारव्यात सुरू झालेली असते, बागेत माणसं कमी पडत असतात, बायका पॅकिंगला गेलेल्या असतात. सभेला चार जण येतात, गुरुजी हताश होतात आणि ‘आपल्याकडचे पालक उदासीन आहेत’ हे मत पक्कं होऊन बसतं. हे मत बहुतेक ठिकाणी चुकीचं असतं. लेकरांच्या शाळेची काळजी नाही असे आईबाप फार थोडे. शाळा त्यांना कधी बोलावते, कशासाठी बोलावते आणि आल्यावर कसं वागवते, अडचण तिथे असते. दोन शिक्षक आणि तीस-चाळीस मुलं असलेल्या शाळेचं पालकांच्या हातभाराशिवाय चालतच नाही, म्हणून या चुका वेळेवर ओळखायला हव्यात.

सभेची वेळ शाळेच्या सोयीने ठरवणं

नाशिक जिल्ह्यात एकच वेळापत्रक सगळीकडे लागू पडत नाही. इगतपुरी-त्र्यंबकेश्वरकडे जुलैत भाताची आवणी असते, तेव्हा घरात म्हातारी माणसं सोडली तर कोणी सापडत नाही. निफाड-दिंडोरीत ऑक्टोबर छाटणीपासून खुडणीपर्यंत बाग माणसाला मोकळं सोडत नाही. चांदवड, देवळा, येवला भागात मार्च-एप्रिल म्हणजे उन्हाळ कांद्याची काढणी. शहरात सातपूर-अंबडच्या कारखान्यांत जाणाऱ्या पालकांच्या पाळ्या बदलत राहतात.

जूनमध्ये शाळा उघडली की एका मोठ्या कागदावर बारा महिने आखावेत आणि कोणत्या वस्तीवर कोणतं काम कधी असतं ते पालकांकडूनच भरून घ्यावं. आठवडे बाजाराचा वार, गावची जत्रा, चैत्रातली सप्तशृंगगडाची यात्रा, पौषातली त्र्यंबकेश्वरची निवृत्तिनाथांची यात्रा हेही त्यावर हवं. रिकाम्या तारखा लगेच नजरेत भरतात. सभा शक्यतो संध्याकाळी, जेवणाआधी ठेवावी आणि पाऊण तासात उरकावी. वस्ती लांब असेल तर शिक्षकांनी तिकडे जावं, एखाद्याच्या अंगणात बसावं. तिथे आयाही मोकळेपणी बोलतात.

सुरगाणा आणि पेठकडच्या शाळांनी तर दिवाळीच्या आधीची सभा चुकवूच नये. दिवाळी झाली की तिथली बरीच कुटुंबं खाली द्राक्षबागांत मजुरीला उतरतात. कोणतं मूल आजीकडे राहणार, कोणतं सोबत जाणार, गावात राहणाऱ्याच्या अभ्यासाकडे संध्याकाळी कोण बघणार, हे सगळं निघण्याआधी ठरलं तर मूल शाळेत टिकतं. सोबत जाणाऱ्या मुलाला शिक्षण हमी पत्रक (दुसऱ्या गावी शिक्षण चालू राहावं म्हणून शाळा देते तो कागद) देऊन, ते तिकडच्या शाळेत दाखवायचं असतं, हे पालकांना नीट समजावून सांगावं. माझ्या मते छोट्या शाळेच्या वर्षातली ही सगळ्यात महत्त्वाची सभा.

मोघम विनंती करणं

‘शाळेच्या विकासासाठी सर्व पालकांनी सहकार्य करावे ही नम्र विनंती.’ ग्रुपवर असा निरोप पडतो, खाली सात-आठ जोडलेले हात उमटतात आणि विषय तिथेच संपतो. सहकार्य म्हणजे नेमकं काय करायचं, हे कोणाला कळलेलंच नसतं.

त्याऐवजी हा निरोप बघा: ‘शनिवारी शाळा सुटल्यावर पाण्याची टाकी धुवायची आहे. दोन माणसं हवीत, तासाभराचं काम आहे. ब्रश आणि ब्लीचिंग पावडर शाळेत आहे. कोण येतंय?’ काम कोणतं, माणसं किती, वेळ किती, सामान कोणाचं, सगळं त्यात आलं. अशा निरोपाला हो म्हणणं सोपं जातं, आणि जमत नसेल तर नाही म्हणणंही. ज्या पालकांना वाचायला अवघड जातं त्यांच्यासाठी हाच निरोप बोलून पाठवावा. ज्यांच्याकडे फोनच नाही त्यांच्यापर्यंत तो मुलाच्या तोंडी किंवा शेजाऱ्याकडून पोहोचला का, याची खात्री करावी.

कोणाला काय येतं, याची वही शाळेत असायलाच हवी. एखादी आई शिवणकाम करते, कोणाचे वडील अंबडला वेल्डर आहेत, कोणी वायरमन, कोणी गवंडी, कोणाची रोपवाटिका. खिडकीची सुटलेली जाळी, हलणारा बाक, मुलींच्या स्वच्छतागृहाची न लागणारी कडी ही कामं अनुदानाची वाट बघत वर्षानुवर्षं पडून राहतात आणि हातोडा-पाना घेऊन आलेला माणूस ती तासाभरात करून जातो. कडीचं काम तर आजच करून घ्यावं. कडी लागत नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या मुली असतात.

आजी-आजोबांना विसरू नये. सुरगाण्याकडच्या आजीने कोकणा बोलीत किंवा बागलाणातल्या आजोबांनी अहिराणीत गोष्ट सांगावी, मुलांनी ती जशी ऐकली तशी लिहावी, मग बाईंच्या मदतीने तीच मराठीत लिहावी. आठ-दहा गोष्टी झाल्या की वर्गाचं स्वतःचं वाचनाचं पुस्तक तयार होतं. घरची बोली शाळेत ऐकू आली की पहिलीतलं बुजरं मूलही तोंड उघडतं.

आणि ज्या आईला वाचता येत नाही तिला चार लोकांत ‘मुलाचा अभ्यास घेत जा’ असं कधीही सांगू नये. ती मान खाली घालून जाते आणि परत येत नाही. ‘रोज रात्री त्याला धडा मोठ्याने वाचायला लावा, गोष्टीत काय झालं ते विचारा’, एवढं सांगितलं तर ते तिला जमतं. 2022 पासून राज्यात शाळापूर्व तयारी अभियानात मातांचे गट तयार झाले, ते याच पायावर. तुमच्या गावात असा गट असेल आणि पहिलीचा प्रवेश झाल्यावर थंडावला असेल, तर तो पुन्हा बोलवायला काहीच हरकत नाही.

पहिल्याच भेटीत वर्गणी मागणं

लोकवर्गणीतून शाळा उभी करणं या जिल्ह्याला नवीन नाही, आणि देणाऱ्यांचे हात आजही आखडलेले नाहीत. पण पालकाने शाळेत पाऊल टाकलं की पावतीपुस्तक पुढे येणार हे एकदा ठरलं, की रोजंदारीवरचा माणूस शाळेच्या वाटेने जाणं टाळतो. आधी काम, गप्पा, मुलाचं कौतुक. पैशाचा विषय नंतर, तोही ऐच्छिक, आणि कोणी किती दिले याची यादी मुलांसमोर न वाचता.

जे पैसे येतील त्यांची पावती त्याच दिवशी द्यावी. रोकड कोणाच्या खिशात राहू नये, ती शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यात जावी. जमा-खर्चाचा कागद सूचनाफलकावर लावावा. दोनशे रुपयांचा हिशेब लागला नाही तरी गावात दोन वर्षं त्याचीच चर्चा चालते आणि चांगल्या माणसांची उमेद जाते.

देणगीदाखल वस्तू येतात तेव्हाही एक प्रश्न आधी विचारावा: बिघडली तर दुरुस्त कोण करणार? जुना संगणक, मोठा टीव्ही, पाण्याचं फिल्टर घेताना फोटो निघतात. वर्षभराने फिल्टरची कँडल बदललेली नसते, टीव्ही कपाटात असतो आणि वीजबिल थकलेलं असतं. देणाऱ्याला प्रेमाने सांगावं, की दादा, नवीन वस्तूपेक्षा वर्षभराचं वीजबिल भरलंत तर मुलांचं जास्त भलं होईल. बहुतेक जण ऐकतात.

समिती फक्त कागदावर ठेवणं

शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 21 नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात आणि वंचित व दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळावी लागते. शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवणं, विकास आराखडा बनवणं आणि आलेल्या निधीचा वापर पाहणं ही या समितीची कामं. विनाअनुदानित खासगी शाळांना हे कलम लागू नाही. तिथे 2011 च्या शुल्क नियमन कायद्याप्रमाणे पालक-शिक्षक संघ असतो आणि त्याच्या कार्यकारी समितीवर पालक सोडतीने निवडले जातात.

प्रत्यक्षात काय होतं? सह्यांचं रजिस्टर घरोघरी फिरतं. ताई सदस्य असतात, पण सभेला त्यांचे यजमान येऊन बसतात. अध्यक्षपदावरून ग्रामपंचायतीचं राजकारण शाळेत शिरतं आणि निवडून आलेल्या माणसाचं पोर कोणत्या वर्गात आहे हे कोणाला माहीत नसतं. ही वेळ टाळायची तर निवडीच्या सभेत प्रत्येक वर्गाच्या पालकांना वेगळं बसवून त्यांनाच आपली नावं सुचवू द्यावीत. सभेत ठराव वाचून दाखवावा आणि मगच सही घ्यावी. सदस्य ताई आल्या नसतील तर त्यांच्या जागी दुसऱ्याची सही घेऊ नये, पुढच्या वेळी त्यांच्या सोयीची वेळ घ्यावी. आणि प्रत्येक सभेत एक तरी प्रश्न असा ठेवावा की ज्याचं उत्तर आयांकडेच आहे.

पोषण आहार हा तसा विषय आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ आणि 50 ग्रॅम भाजी हे प्रमाण ठरलेलं आहे. आठवड्यातून एका आईने येऊन तांदूळ मोजताना बघावं, खिचडी मुलांना वाढण्याआधी चाखावी आणि कशी लागली ते चव नोंदवण्याच्या वहीत लिहावं. यात स्वयंपाक करणाऱ्या ताईंवर संशय घेण्याचा हेतू नसतो, हे त्यांना आधीच सांगावं. त्यांचं मानधन वेळेवर मिळतं का, सरपण किंवा गॅस पुरतो का, हेही त्याच आईने विचारावं. जेवणातली अडचण बऱ्याचदा तिथून सुरू होते.

मदतीला आलेल्या पालकाला नियम न सांगणं

या बाबतीत भीडभाड नको. मदतीला आलेला माणूस ओळखीचा असला, गावातला प्रतिष्ठित असला, तरी तो मुलांसोबत बंद खोलीत एकटा राहणार नाही, हा नियम सगळ्यांना सारखा. दार उघडं, दुसरं मोठं माणूस नजरेच्या टप्प्यात, आल्या-गेल्याची नोंद वहीत. मुलांचे फोटो स्वतःच्या फोनवर काढून स्टेटसला लावायचे नाहीत. हे नियम पहिल्याच दिवशी सगळ्यांना एकत्र सांगितले की कोणाला आपल्यावर बोट ठेवल्यासारखं वाटत नाही. मुलाच्या बाबतीत काही वावगं दिसलं तर गावात मिटवत बसायचं नाही. चाइल्ड हेल्पलाइनचा 1098 हा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरात असावा. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.

दुसरा नियम जिभेचा. वाचनाच्या तासाला बसलेल्या आईला कोणतं मूल अडखळतं ते दिसतं. ते पाणवठ्यावर किंवा ग्रुपवर बोललं गेलं, की त्या मुलाचे आईबाप शाळेपासून तुटतात. तसंच, पालकाने शिक्षकाच्या जागी वर्ग घ्यायचा नाही. गटात बसून वाचून घेणं, साहित्य बनवणं, खेळाला सोबत करणं एवढं पुष्कळ आहे. शिक्षकाची रिक्त जागा पालकांनी भरून काढली तर ती जागा कायम रिकामी राहण्याची भीती असते. ती जागा भरावी म्हणून समितीने ठराव करून तो गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावा, पोच घ्यावी आणि पाठपुरावा करावा.

त्याच पाच जणांवर सगळं टाकणं

प्रत्येक गावात कामाला धावणारी पाच माणसं असतात. स्नेहसंमेलन, ध्वजारोहण, सहल, रंगकाम सगळं त्यांच्याच अंगावर पडतं. मग एक दिवस ती थकतात, किंवा त्यांची मुलं चौथी पास होऊन दुसऱ्या शाळेत जातात आणि शाळेचा पालकांशी असलेला धागाच तुटतो. चौथीपर्यंतच्या शाळेत हे हमखास होतं. म्हणून प्रत्येक कामाला चौथीच्या पालकासोबत पहिलीचा एक पालक जोडावा. नव्याला फार काही करायला लावू नये, नुसतं सोबत फिरू द्यावं. मंडपवाला कोण, टँकर कोणाकडून येतो, बँकेत कोणती कागदपत्रं लागतात हे त्याला वर्षभरात आपसूक कळतं.

एप्रिलमध्ये सुट्टीपूर्वी एक छोटी बैठक घेऊन हे सगळं वहीत उतरवावं. टाकीच्या खोलीची किल्ली कोणाकडे, हिशेबाची फाइल कुठे, कोणती दुरुस्ती अर्धवट राहिली. मेच्या उन्हात परसबागेला पाणी कोण घालणार, त्याचं नाव तर सुट्टी लागण्याआधीच फळ्यावर लिहून घ्यावं.